दोन कान, एक मासा

कॉड माशाच्या डोक्यात दोन दगड असतात,
तांदळाहून मोठे, बदामाहून लहान.
एक डाव्या कानाचा, एक उजव्या.
कापून भिंगाखाली धरले की वर्तुळं दिसतात,
एक हिवाळा, एक वर्तुळ.
ती मोजण्यात मी आणि आर्विदने
आपली स्वतःची अकरा घालवली.

आमचा पेपर आला तेव्हा ट्रॉम्सोत
सूर्य सात आठवडे उगवणार नव्हता.
दिव्याखाली आर्विदने अंक नाकाशी धरला, शाई हुंगली,
म्हणाला, "आता मेलो तरी चालेल."
चार वर्षांनी मेला. बोटीवर, जाळं ओढताना.

मग बारा वर्षं काहीच झालं नाही.
म्हणजे बढती झाली, गुडघा गेला,
दोनशे एकवीस जणांनी आमचा आधार घेतला,
मासेमारीच्या एका समितीनेही, पान एकोणीसवर.

नवीन आलेल्या मारितला मी जुन्या पेट्या लावायला दिल्या.
दुपारी ती म्हणाली,
"या पेटीत सगळे डावे. त्या पेटीत सगळे उजवे.
मग मासे किती?"

आम्ही लिहिले होते ब्याऐंशी.

मी खुर्चीवर बसले. नंतर उठून, उगाच,
खिडकीतलं रोप पुसलं.

कोपनहेगनहून संपादकांचं उत्तर नवव्या दिवशी आलं.
सोफुस ब्रांट, अतिशय सभ्य माणूस.
इतक्या वर्षांत कुणाची तक्रार नाही, त्यांनी लिहिलं,
तळटीपेत एक बारीक दुरुस्ती घातली तर?
कानाडोळा करायला म्हणे एक कान, एक डोळा पुरतो.
माझ्या कपाटात ब्याऐंशी कान होते
आणि मारितचे दोन डोळे माझ्याकडे.

मी पुन्हा लिहिलं: मागे घ्या.
तेव्हा फॉर्म आला.
"चूक कशी झाली? अजाणता / जाणूनबुजून."
दोन चौकोन. माझा मी भरला.
खाली आर्विदचे दोन, रिकामे.

मेलेल्यांची सही नियमात लागत नाही.
तरी मी वाडसोला गेले.
गुन्वोरने कॉफी ओतली. तिच्या मागे भिंतीवर
आमचं पहिलं पान, काचेत,
त्याचं नाव माझ्या नावाच्या आधी.
मी सांगत गेले, ती साखर ढवळत राहिली,
साखर न घालताच.
"त्याला ठाऊक होतं?"
मला ठाऊक नव्हतं.

ती आत गेली. त्याची शेवटची वही घेऊन आली.
मलपृष्ठाच्या आत, पेन्सिलीत,
डाव्याचं आद्याक्षर, अधिक, उजव्याचं आद्याक्षर,
पुढे प्रश्नचिन्ह. इतकंच.
तारीख नाही.
"मला वाटायचं, मोज्यांचं काहीतरी असेल," ती म्हणाली,
"त्या हिवाळ्यात मी त्याला दोन्ही डावेच विणले होते."

आम्ही हसलो. मग बराच वेळ हसलो नाही.

वही मिटवून मी तिच्याकडे सरकवली.
तिने ती माझ्याकडे परत सरकवली.
"याचीही प्रत पाठव."
"याचा ते वाटेल तो अर्थ काढतील, गुन्वोर."
"काढू देत. मीही काढतेच आहे."

चौकोन रिकामे ठेवून मी समासात लिहिलं:
माहीत नाही. सोबत एक पान.
फॉर्म अपूर्ण म्हणून दोनदा परत आला.
तिसऱ्यांदा ब्रांटनी तसाच घेतला.

आता आमच्या प्रत्येक पानावर तिरकी, लाल अक्षरं आहेत:
मागे घेतला.
खालचं सगळं वाचता येतं. पुसत नाहीत ते काही.
त्यानंतरही दोघांनी आमचा आधार घेतला,
न वाचता, उघडच आहे.

काल गुन्वोरचा फोन आला.
लाल अक्षरांचं पान तिने मागवून घेतलं होतं.
"जुन्या चौकटीत बसत नाही," ती म्हणाली,
"बोटभर मोठं आहे. कडेने कापू का?"

कडेला तारीख आहे, मी म्हटलं.
चौकट दुसरी घे.